सोलर असलेलं घर विकत घेताना पॅनलची किंमत कशी ठरवायची?

'गच्चीवर 3 किलोवॅट सोलर, वीजबिल शून्य.' जुन्या घराच्या जाहिरातीत असं लिहिलेलं असतं आणि त्यासाठी मालक दोन-तीन लाख रुपये जास्त मागतो. पण मालकाचं बिल शून्य येतं म्हणून नव्या खरेदीदाराची बचतही तेवढीच होईल, असं नाही.

आधी सोलर कोणतं ते पाहा

आपल्याकडे पाणी तापवणाऱ्या यंत्रणेलाही 'सोलर'च म्हणतात. त्यातून वीज तयार होत नाही. वीज देणाऱ्या यंत्रणेला पॅनल, इन्व्हर्टर आणि नेट मीटर असतो. दिवसा जास्तीची वीज ग्रीडमध्ये जाते आणि रात्री तिथूनच परत घेतली जाते. महिन्याच्या शेवटी दोन्हींची वजावट होऊन बिल येतं. वापर कितीही कमी असला तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

बचत किती होईल?

1 किलोवॅट यंत्रणा दिवसाला सरासरी 4 युनिट वीज तयार करते. म्हणजे 3 किलोवॅटमधून महिन्याला साधारण 360 युनिट मिळतात. पावसाळ्यात हा आकडा खाली येतो.

महिन्याला 350 युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला सरासरी 11 रुपये दर पडतो असं धरलं, तर वर्षाला सुमारे 46 हजार रुपये वाचतील. फक्त 150 युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला 8 रुपये दर धरला, तर बचत साधारण 14 हजारांची होते. घरगुती विजेचा दर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांवर वाढत जातो, म्हणून जास्त वापर असणाऱ्याला फायदाही जास्त. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात वापरता येतात. मात्र आर्थिक वर्ष संपताना शिल्लक राहिलेल्या युनिटला मिळणारा दर वरच्या टप्प्यांच्या दरापेक्षा बराच कमी असतो.

नवीन केवढ्याला पडेल?

2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार, तर 3 किलोवॅट आणि त्याहून मोठ्या यंत्रणेला 78 हजार रुपये अनुदान आहे. समजा, नवीन 3 किलोवॅट यंत्रणा 1 लाख 80 हजारांना बसते. अनुदान वजा केल्यावर खर्च 1 लाख 2 हजार. मग सात-आठ वर्षं वापरलेल्या यंत्रणेसाठी दोन लाख जास्त देण्यात अर्थ नाही. मात्र त्या घरासाठी आधीच अनुदान घेतलेलं असेल, तर ते पुन्हा मिळेल असं गृहीत धरू नये.

वय आणि इन्व्हर्टर

पॅनलवर साधारणपणे 25 वर्षांची वीजनिर्मितीची हमी असते आणि त्यांची क्षमता दरवर्षी थोडी कमी होत जाते. इन्व्हर्टर मात्र 10 ते 15 वर्षांत बदलावा लागू शकतो. तो खर्च जवळ आला असेल, तर पॅनलच्या किमतीतून वजा करावा. पॅनलखालून गच्ची गळत असेल, तर दुरुस्तीसाठी ते काढून पुन्हा बसवण्याचा खर्चही येतो.

व्यवहाराआधी काय मागावं?

- मागच्या 12 महिन्यांची वीजबिलं. त्यात ग्रीडमधून घेतलेले आणि ग्रीडला दिलेले युनिट वेगवेगळे दिसतात.
- नेट मीटरिंगचा करार आणि मंजुरीची कागदपत्रं. वीजजोडणी नावावर करताना हा करारही नावावर होईल, याची खात्री करावी.
- पॅनल आणि इन्व्हर्टरची बिलं व वॉरंटी कार्ड.
- यंत्रणेवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा दाखला. ती कंपनीच्या मालकीची असेल, तर मालक ती विकूच शकत नाही.
- फ्लॅट असेल तर गच्ची वापरण्यासाठी सोसायटीची लेखी परवानगी.

पॅनल घरासोबत विकले जात आहेत, हे विक्री करारात क्षमता आणि अनुक्रमांकासह लिहून घ्यावं. नाहीतर ताबा मिळेपर्यंत गच्चीवर फक्त लोखंडी सांगाडा उरलेला असायचा.