खेळण्यातल्या मोटारीची स्प्रिंग

इंजिनावर धावणारी खेळण्यातली मोटार आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. तिच्या इंधनात मेथॅनॉल, नायट्रोमिथेन व तेल असते आणि हातातल्या ट्रान्समीटरवरून तिला हाकता येते. आता गाडीत तर कोणी बसलेले नाही. मग क्लच दाबतो कोण? कोणीच नाही! इंजिनाच्या फ्लायव्हीलवर दोनतीन छोटे शू असतात. बारीक स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात. फेरे वाढले की शू बाहेर फाकतात, भोवतालच्या वाटीला पकडतात आणि गाडी निघते.

म्हणजे येथे दोन बलांची ओढाताण आहे. मौज अशी की, या बलांचा अभ्यास करणाऱ्या दोघांचेही एकमेकांशी वाकडे होते. फिरणारी वस्तू केंद्रापासून दूर जाऊ पाहते, या केंद्रोत्सारी बलाचे नियम हॉलंडच्या हायगेन्सने १६७३ साली छापले. स्प्रिंग जितकी ताणावी तितकी तिची ओढ वाढते, हे इंग्लंडच्या हूकने १६७६ मध्ये अक्षरांच्या कोड्यात लपवून प्रसिद्ध केले व १६७८ मध्ये ते उलगडले. घड्याळातील कमान प्रथम कोणी योजिली, यावरून १६७५ साली दोघांत चांगलेच वाजले होते. कोडे घालण्यामागची सावधगिरी त्यावरून समजते.

पुढे इंग्लंडच्या पवनचक्क्यांत फिरत्या गोळ्यांची युक्ती आली. लंडनच्या अल्बियन मिलमध्ये बोल्टनने ती पाहिली, भागीदार जेम्स वॅटला कळविली आणि १७८८ साली वॅटने ती वाफेच्या इंजिनाला लावली. हाच तो गव्हर्नर. त्यातील गोळ्यांना आवरीत असे गुरुत्वाकर्षण. पण उड्या मारणाऱ्या, उलटणाऱ्या गाडीत गुरुत्वाकर्षणाचा भरवसा काय धरावा? तेथे स्प्रिंगच हवी. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ मध्ये आणलेली लूना आठवते ना? मूठ पिळली की निघाली! तिचा क्लच याच घराण्यातला.

आता शर्यतीचे शौकीन मूळची स्प्रिंग काढून जाड तारेची बसवितात, ते कशासाठी? स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. बाकी सारे तेच ठेवून ०.९ मिलिमीटरऐवजी १ मिलिमीटरची तार घेतली, तर ओढ सुमारे दीडपट होते. मात्र केंद्रोत्सारी बल फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे क्लच धरण्याचा वेग दीडपट होत नाही; तो सुमारे २३ टक्केच वाढतो. इंजिन जोरात आल्यावर क्लच धरतो आणि गाडी झेप घेते.

पण जाड तेवढे चांगले, असे मात्र नव्हे बरे का! स्प्रिंग फार ताठ झाली की क्लच घसरत राहतो, तापतो, शू झिजतात. मोकळ्या मातीवर चाके जागीच गरगरतात. फार नरम असली तर निघतानाच इंजिन गुदमरते. आणि तुटलीच, तर इंजिन नुसते चालू असतानाही गाडी पुढे सरकू लागते. इंजिनाचा स्वभाव आणि मैदानाची पकड पाहूनच निवड करावी लागते.

हूक आणि हायगेन्स यांचा वाद त्यांच्या हयातीत पुरता मिटला नाही. या चिमुकल्या क्लचमध्ये मात्र एकाचा नियम दुसऱ्याच्या नियमावाचून निरुपयोगी आहे.