पहिलीचा वर्ग घरात भरतो तेव्हा

दूरस्थ शिक्षण ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरदार, गृहिणी, शेतकरी अशा असंख्य प्रौढांना घरबसल्या पदवीपर्यंत नेले आहे. मात्र या पद्धतीचा सारा डोलारा एका गृहीतकावर उभा असतो. शिकणाऱ्याला वाचता येते आणि आपल्या अभ्यासाची जबाबदारी तो स्वतः घेऊ शकतो, हे ते गृहीतक. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळांना कुलपे लागली आणि सहा-सात वर्षांच्या मुलांनाही घरूनच शिकवण्याची वेळ आली, तेव्हा हे गृहीतक पहिल्याच दिवशी कोसळले. पहिलीच्या मुलासाठी बाईंनी पाठवलेली सूचना मूल वाचत नाही. ती वाचते त्याची आई, आजोबा किंवा पाचवीतली ताई. प्राथमिक शाळेच्या दूरस्थ शिक्षणात शाळेला आधी घराला शिकवावे लागते आणि मग घर मुलाला शिकवते. ज्या शाळांना हे लवकर उमगले त्यांचे काम पुढे सरकले. ज्यांना उमगले नाही त्यांच्याकडे केवळ पाठवलेल्या चित्रफितींची यादी उरली.

या काळाची लांबी आता विस्मरणात जाऊ लागली आहे. महाराष्ट्रात पहिली ते आठवीच्या वार्षिक परीक्षा मार्च २०२० मध्ये रद्द झाल्या. जूनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले ते शाळा बंद ठेवूनच. नववी ते बारावीचे वर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरात, तर पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ मध्ये काही ठिकाणी उघडले आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाले. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी मात्र ग्रामीण भागातील शाळांचे दरवाजे उघडले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. मुंबई आणि पुणे येथे आणखी दोन आठवड्यांनी. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल शाळेच्या वर्गात पहिल्यांदा बसले ते दुसरीचे निम्मे वर्ष सरल्यावर. त्यानंतरही जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेने शाळा पुन्हा काही काळ बंद राहिल्या.

शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन आवश्यक आहे. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. पडद्यासमोर एवढा वेळ बसवणे लहान मुलाच्या डोळ्यांना आणि मनाला झेपणारे नव्हते, म्हणून राज्य शासनाने जुलै २०२० मध्ये ऑनलाइन वर्गांच्या वेळेवर मर्यादा घातली. पहिली व दुसरीसाठी ३० मिनिटांची दोन सत्रे, तर तिसरी ते आठवीसाठी ४५ मिनिटांची दोन सत्रे असे प्रमाण ठरले. यातील पहिली-दुसरीविषयीची तरतूद फारशी चर्चिली गेली नाही, वास्तविक ती सर्वांत महत्त्वाची होती. सत्रातील १५ मिनिटे मुलांना उपक्रम देण्यासाठी आणि १५ मिनिटे पालकांशी संवाद व मार्गदर्शनासाठी, असे शासनानेच सांगितले होते. निम्मा वेळ पालकांचा! कित्येक ठिकाणी ही पंधरा मिनिटे सूचना वाचून दाखवण्यात आणि 'आवाज येतोय का' हे विचारण्यात खर्ची पडली, हा भाग वेगळा.

पालकांशी संवाद म्हणजे नेमके काय, हे त्या काळात चांगले काम करणाऱ्या शिक्षकांच्या दिनक्रमावरून समजते. पहिले काम माहिती घेण्याचे. घरात फोन किती, त्यांतील किती 'स्मार्ट', तो कोणाकडे असतो आणि किती वाजता घरी येतो? 'असर' या प्रथम संस्थेशी संलग्न सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. परंतु घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत महदंतर आहे. फोन वडिलांच्या खिशातून सकाळी सातला कामावर जातो आणि रात्री आठला परततो. अशा घरासाठी सकाळी दहाचा ऑनलाइन वर्ग असून नसल्यासारखा. त्याच सर्वेक्षणात, पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेल्या मुलांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशच आढळले. तेव्हा वर्गाची वेळ संध्याकाळी नेणे, थेट वर्गाऐवजी दोन-तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण पाठवणे, ज्यांच्याकडे साधाच फोन आहे त्यांना आठवड्यातून दोनदा प्रत्यक्ष दूरध्वनी करणे, असे मार्ग निघाले. ते तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अगदीच साधे होते, आणि म्हणूनच चालले.

दुसरे काम पालकाच्या मनातील न्यूनगंड दूर करण्याचे. 'मला कुठे शिकवता येतंय, बाई?' हा प्रश्न त्या वर्षी शिक्षिकांना वारंवार ऐकावा लागला. चौथीपर्यंत शिकलेल्या आईला गणिताचे पुस्तक शिकवायला सांगणे अन्यायाचे. पण पोळ्या मोजायला लावणे, डाळ-तांदूळ मापट्याने मोजताना मुलाला शेजारी बसवणे, बाजाराची यादी त्याच्याकडून लिहून घेणे, रात्री एक गोष्ट सांगून ती त्याच्याकडून परत वदवून घेणे, हे तिला नक्की जमते. सह्याद्री वाहिनीवरून जुलै २०२० पासून प्रसारित झालेल्या 'टिलीमिली' या पहिली ते आठवीच्या मालिकेची बैठक हीच होती. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेली ही मालिका मुलांना घरातल्या नि परिसरातल्या वस्तूंमधून शिकायला लावत असे. तिला इंटरनेट लागत नव्हते, हा तिचा मोठा गुण. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला आणि 'दीक्षा' अॅपवरील साहित्य यांचाही उपयोग झाला. अर्थात ज्यांच्या फोनमध्ये 'डेटा' शिल्लक असे त्यांनाच.

जिथे फोनच नव्हता, तिथे शाळेला घराबाहेरच्या भिंतीपर्यंत यावे लागले. सोलापुरातील नीलमनगर भागात आशा मराठी विद्यालयाने २०२० मध्ये केलेला प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. येथील पालक प्रामुख्याने यंत्रमाग आणि विडी उद्योगांतील कामगार. टाळेबंदीत रोजगार थांबलेला, त्यात मुलासाठी नवा फोन घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे. शाळेने वस्तीतील सुमारे ३०० भिंतींवर पाठ्यपुस्तकातील मजकूर रंगवून घेतला. मुळाक्षरे, अंक, पाढे, व्याकरण, विज्ञानातील आकृत्या अशा पहिलीपासून दहावीपर्यंतच्या पाठांनी गल्ल्या भरल्या. मुले येता-जाता वाचत, अंतर राखून भिंतीसमोर उभी राहून अभ्यास करीत. यात शिक्षणाइतकेच महत्त्वाचे असे आणखी एक घडले, ते म्हणजे अभ्यास सार्वजनिक झाला. दारात बसून विड्या वळणाऱ्या बाईला समोरच्या भिंतीवरचा पाढा मुलगा बरोबर म्हणतो की नाही, हे कोणत्याही अॅपविना कळू लागते.

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवर अडचण निराळी होती. तिथे फोनला 'रेंज'च नसते. दिगंत स्वराज फाउंडेशन या संस्थेने तेथे ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवणारी 'बोलकी शाळा' भरवली. मुले मोकळ्या जागेत अंतरावर बसत आणि स्वयंसेवक त्यांच्या शंका सोडवीत. हे काम शाळेचे नसून संस्थेचे होते, हे खरे. तथापि शाळेची इमारत बंद असताना पाड्यावर नियमित वेळी मुले जमतात, ही सवय टिकवणे हीच तेथील पालकांना झालेली सर्वांत मोठी मदत म्हटली पाहिजे. मूल एकदा शेळ्यांमागे किंवा वीटभट्टीवर गेले की ते परत वर्गात आणणे किती कठीण असते, हे या भागातील शिक्षकांना चांगले ठाऊक आहे.

प्राथमिक शाळा घराला देते त्यात केवळ अक्षरे नसतात. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्याची तरतूद आहे. शाळा बंद झाल्यावर खिचडी थांबली. तिच्या जागी तांदूळ व कडधान्ये यांचा कोरडा शिधा पालकांना वाटण्यात आला. शिधा न्यायला आलेल्या पालकाच्या हाती अनेक शिक्षकांनी पाठ्यपुस्तके, कृतिपत्रिका दिल्या आणि मागील आठवड्याच्या वह्या तपासायला घेतल्या. ज्या आईशी फोनवर कधीच बोलणे होत नव्हते तिची गाठ तांदळाच्या रांगेत पडली! हे करताना याच शिक्षकांपैकी अनेकांवर सर्वेक्षणाचे आणि तपासणी नाक्यांवरील कामही होते. सप्टेंबर २०२० मधील 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत कित्येकांनी घरोघरी जाऊन तापमान नोंदवले.

शहरातील मध्यमवर्गीय घरांची कहाणी याहून वेगळी. येथे फोन होते, लॅपटॉप होते, पालकही सुशिक्षित होते. पण आई-वडील दोघेही घरूनच कार्यालयाचे काम करीत असताना दोन मुलांचे दोन वर्ग एकाच वेळी भरले, की दोन खोल्यांच्या घरात कोणी कोठे बसावे हाच प्रश्न होई. शिवाय सुशिक्षित पालकांची एक खास चूक होती. मुलाच्या कानात उत्तर सांगणे, चित्र स्वतः काढून त्याच्या नावाने पाठवणे, वर्ग चालू असताना मागून दटावणे. बाईंना पडद्यावर सर्व काही सुंदर दिसे आणि मूल नेमके कोठे अडले आहे हे मात्र कोणालाच कळत नसे. ज्या शाळांनी पालकांना 'चुका तशाच पाठवा, खोडू नका' असे स्पष्ट सांगितले, त्यांनी घरावरचे ओझेही हलके केले. खासगी शाळांच्या शुल्कावरूनही याच काळात संघर्ष झाला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये शासनाने १५ टक्के कपातीचा निर्णय काढला. मात्र तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

या सर्व धडपडीचे फलित काय? 'असर'च्या २०२२ च्या अहवालात त्याचे अर्धे उत्तर मिळते. ग्रामीण भारतात तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर घसरले. २०२२ मधील ही तिसरीची मुले म्हणजे २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेली तीच मुले होत. वाचायला शिकण्याचे नेमके वर्ष त्यांनी घरी काढले. भिंती, ध्वनिक्षेपक आणि संध्याकाळचे फोन यांनी ही घसरण रोखली, असा दावा कोणी करू नये. ज्या घरापर्यंत शाळेचा आवाज आठवड्यातून एकदाही पोहोचला नाही त्या घरातील मुलाची स्थिती मात्र या सरासरीत दिसत नाही.

राज्याने जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवून मागील इयत्तेची उजळणी करून घेतली. त्याहून दूरगामी पाऊल पडले ते २०२२ मध्ये. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झाले आणि त्यात शाळेने गावोगावी मातांचे गट बांधले. आठवड्याला एक छोटी कृती आईकडे पोहोचते, ती घरातल्याच वस्तू घेऊन मुलाबरोबर करायची आणि गटात एकमेकींना सांगायची, अशी ही पद्धत. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावेत आणि शिक्षकांनी पालकांना नियमित भेटावे, असे २००९ मध्येच सांगून ठेवले होते. त्या बैठका पुष्कळदा सह्यांपुरत्या होत. माता गटात सहीचे काम नाही. तिथे आईला सांगावे लागते की मुलाने या आठवड्यात काय केले.