तीन दिवसांचा ताप

इ. स. १९१८ च्या जूनच्या १० तारखेस मुंबईच्या पोलीस इस्पितळांत सात शिपाई तापानें दाखल झाले. त्यांपैकीं एकाची नेमणूक गोदीवर होती. अंग मोडून येणें, डोकें ठणकणें, घसा धरणें, तीन दिवस सणसणून ताप आणि मागाहून अशक्तपणा, एवढेंच तें दुखणें. हा हिंवताप नव्हे, इतकेंच डॉक्टरांस सांगतां आलें. पुढल्या दहा दिवसांत गोदींतील कामगार, टांकसाळ, तारऑफिस, पेढ्या आणि गिरण्या येथें तोच ताप दिसूं लागला. सुमारें चार आठवड्यांत ही लाट ओसरली. शहरांत सुमारें १,६०० माणसें दगावलीं. पण प्लेगचे दिवस पाहिलेल्या मुंबईला हा आंकडा फारसा भयंकर वाटला नाहीं. दुखणें किरकोळ ठरलें आणि लोक आपापल्या कामास लागले.

महायुद्धाचें तें चौथें वर्ष होतें. मेसापोटेमियांत हिंदी फौजा लढत होत्या, आणि जखमी, आजारी व रजेवरचे शिपाई आगबोटींनीं मुंबईस उतरत. मेच्या अखेरीस बंदराला लागलेल्या एका बोटीनेंच हा ताप आणला, असें मुंबईचे आरोग्याधिकारी टर्नर यांचें ठाम मत होतें. उलट हिंदुस्थान सरकारचें म्हणणें असें कीं, बोटीवरच्या खलाशांनाच तो मुंबईंत जडला. या वादांत दोषाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घालण्याची हौस बरीच होती. पुढें हा ताप देशभर पसरला तो मात्र आगगाडीच्या वाटेनें, याबद्दल दुमत नाहीं.

समुद्रावरून आलेल्या तापाशीं मोरगांवासारख्या गांवाचा संबंध काय, असें कोणी विचारील. मयूरेश्वराचें हें क्षेत्र कऱ्हेच्या कांठीं. समुद्र दूर, आणि आगगाडीही दाराशीं नाहीं. तरी वाट मोकळी होती. गिरणींतून सुटलेला कामगार किंवा बसऱ्याहून रजेवर आलेला शिपाई पुण्यास गाडी बदलून जेजुरीस उतरला, म्हणजे उरलेले दहा-अकरा मैल बैलगाडीचे किंवा पायवाटेचे. दौंडहून बारामतीस जाणारी अरुंद रुळांची गाडीही १९१४ सालीं सुरू झाली होती. मुंबईपासून घरापर्यंत दोन दिवस पुरेसे होत. आणि या तापाचें बीज अंगांत शिरल्यापासून लक्षणें उमटावयास एक ते चार दिवस लागतात. म्हणजे धडधाकट स्थितींत गाडींत बसलेला मनुष्य घरच्या ओटीवर येऊन आडवा पडावा, हें सहज घडण्यासारखें होतें. स्टेशनावर कितीही बारकाईनें नाडी पाहिली तरी असा प्रवासी हातीं लागत नाहीं. शिवाय १८९७ सालच्या प्लेगांतील सक्तीच्या तपासणीचा आणि त्यापायीं पुण्यांत झालेल्या रँडच्या खुनाचा सरकारला विसर पडला नव्हता; या वेळीं सक्ती झाली नाहीं. लोकांनीं तापास मानमोडी हें नांव दिलें. सरकारी कागदांतल्या इन्फ्लुएंझापेक्षां या एका शब्दांत दुखण्याचें वर्णन अधिक आहे.

औषध असें कांहीं नव्हतेंच. क्विनीन दिली जाई, पण ती हिंवतापाची. मनुष्याच्या शरीरांतून इन्फ्लुएंझाचा विषाणु वेगळा काढतां आला तो १९३३ सालीं. मागाहून होणाऱ्या न्यूमोनियावर चालणारें पेनिसिलिन तर १९४० नंतर हातीं आलें. तेव्हां बरें होणें म्हणजे अंथरुणांत पडून राहणें, ऊब, पेज, दूध, आणि उशाशीं कोणीतरी बसणें. ताप उतरला म्हणजे दुखणें संपलें, असें जुन्या घरांत कधींच मानीत नसत; मऊ भात आणि वाऱ्यापासून जपणूक हें पथ्य पुढें आठ-दहा दिवस चाले. या तापांत तें फारच जरूर होतें. कारण पुष्कळ वेळां मनुष्य जरा उठूं लागला कीं फुफ्फुसांस सूज येई. परंतु रोजच्या मजुरीवर पोट भरणाऱ्याला हे आठ दिवस कोण देणार?

त्यांतच १९१८ चा पावसाळा फसला. नीरेच्या डाव्या कालव्याखालील बारामतीकडचा भाग सोडला तर सुपें-मोरगांवचा पट्टा आभाळाकडे डोळे लावून बसणारा. युद्धानें महागलेलें धान्य आणखी महागलें. चाऱ्यावांचून दुभतीं आटलीं, तेव्हां आजाऱ्याच्या पथ्याचें दूध कोठून यावें? भाद्रपदांत गणेशचतुर्थी होते न होते तोंच दुसरी लाट उठली. ती जूनच्या तापाची सख्खी बहीण, पण स्वभाव निराळा. नवरात्राच्या सुमारास, ६ ऑक्टोबरला, एकट्या मुंबईंत ७६८ मृत्यु नोंदले गेले. ज्यांना पहिल्या लाटेंत ताप येऊन गेला होता त्यांना दुसरींत कांहीं प्रमाणांत संरक्षण लाभलें, असें युरोप-अमेरिकेंतील लष्करी नोंदींवरून दिसतें.

मुंबईंतील मृत्यूंचें प्रमाण पाहिलें म्हणजे पथ्य कोणाला परवडलें तें कळतें. युरोपियनांत तें हजारीं ८·३, पारशांत ९, आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील हिंदूंत ६१·६ होतें. ताप सर्वांना एकच. खोली, दूध आणि विश्रांति मात्र एक नव्हती. ना. म. जोशी यांनीं १९११ सालीं स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था मदतीस धांवल्या. त्यांनीं औषधाइतकेंच दूध पोंचविण्याकडे लक्ष दिलें असतें तर तें योग्यच ठरतें, कारण रोग्याला खरी गरज त्याचीच होती.

इतर देशांच्या उलट, हिंदुस्थानांत पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक मेल्या. आजाऱ्याच्या उशाशीं बसणारी तीच, पाणी आणणारी तीच, आणि टंचाईंत सर्वांच्या मागून जेवणारीही तीच. तिच्या दुखण्याला पथ्य कोण करणार? एकंदर मृत्यूंचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत आहेत. आजच्या भारताच्या सीमांत १९११ सालीं दर हजार पुरुषांमागें ९६४ स्त्रिया होत्या. साथ हें त्याचें एकमेव कारण नव्हे. पण १९२१ च्या खानेसुमारींत त्या ९५५ भरल्या.