कॅम्पर ट्रेलरच्या मागे हिच बसवायचाय? आधी पुढचं वजन तपासा

अमेरिकेत सुट्टीवर निघालेल्या पिकअप ट्रकमागे अनेकदा एक अख्खं घर धावत असतं. आत पलंग, गॅस, संडास. हाच कॅम्पर ट्रेलर. सायकली मात्र आत मावत नाहीत. मग ट्रेलरच्याच मागे हिच, म्हणजे रॅक अडकवण्याची चौकोनी लोखंडी नळी, बसवण्याचा विचार सुरू होतो.

मागचा बंपर आहेच की, त्यालाच बांधू, असं वाटतं. पण बहुतेक ट्रेलरचा बंपर पातळ पत्र्याची, सुमारे 4 इंची चौकोनी पोकळ नळी असते. सांडपाण्याचा पाइप ठेवण्यापलीकडे तिच्याकडून फार अपेक्षा नसते. खड्ड्यांत सायकलींचं वजन वरखाली आपटत राहिलं की वेल्डिंग तुटतं आणि बंपरसकट सगळं रस्त्यावर येतं.

म्हणून हिच थेट चॅसीच्या दोन लांब बीमना जोडतात. रुंदी कमीजास्त करता येणारे, बोल्टने बसणारे हिच मिळतात. भोकं बीमच्या उभ्या भागात पाडायची. वरच्या-खालच्या आडव्या पट्टीत पाडली तर बीम कमजोर होतो. ड्रिल चालवण्याआधी वायरिंग आणि पाण्याच्या टाक्या कुठे आहेत ते बघा. उघड्या पडलेल्या लोखंडाला गंजरोधक रंग लावा. वेल्डिंग करायचं तर ते जाणकाराकडूनच.

खरा धोका मात्र वजनाच्या गणितात आहे. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. इथेही तेच. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के भार पुढे, ट्रकच्या गोळ्यावर असावा लागतो. समजा, ट्रेलर 2,500 किलोचा आहे आणि पुढचा भार 270 किलो. चाकांच्या मागे 4 मीटरवर 50 किलोचा रॅक लावला आणि गोळा चाकांच्या पुढे 5 मीटरवर असेल, तर पुढचा भार 40 किलोंनी घटून 230 वर येतो. म्हणजे 10 टक्क्यांच्या खाली. हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे हेलकावायला लागतो तो अशाच वेळी. शिवाय चाकांवरचा भार 50 नव्हे, 90 किलोंनी वाढतो.

उपाय साधा आहे: आतलं जड सामान चाकांच्या पुढे हलवा आणि निघण्याआधी पुढचा भार प्रत्यक्ष मोजा.

रॅक निवडतानाही सांभाळून. ट्रेलरची शेपूट कारपेक्षा कितीतरी जास्त उसळते, त्यामुळे कारसाठी बनवलेल्या अनेक रॅकच्या माहितीपत्रकात ‘ट्रेलरवर वापरू नये’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. हे न वाचता रॅक घेणारे बरेच असतात.

त्याच हिचला बोट ओढायची असेल तर विषय वेगळा. एकामागे एक दोन ट्रेलर ओढायला अमेरिकेतली काही राज्यं परवानगी देतात, काही देत नाहीत. प्रवासात दोन-तीन राज्यं लागणार असतील, तर प्रत्येकाचा नियम आधी बघावा लागतो.