तीन वर्षांनंतरचा प्रश्न

डिसेंबर १९८९ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर प्रेक्षकांत एक फलक झळकला. तीन वर्षे सबबी ऐकल्या, आता निरोप घ्यावा, असा त्याचा आशय होता. रोख व्यवस्थापक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्यावर होता. इंग्लंडच्या फुटबॉलमधील व्यवस्थापक म्हणजे कचेरी सांभाळणारा नव्हे. संघनिवड, डावपेच आणि त्या काळी खेळाडूंची खरेदी-विक्रीही बहुतांशी त्याच्याच हाती असे.

हा फलक अगदीच अन्यायाचा होता, असे म्हणवत नाही. सप्टेंबरात शेजारच्या मँचेस्टर सिटीने युनायटेडचा ५-१ असा धुव्वा उडवला होता. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत लीगमध्ये एकही विजय मिळाला नाही. मोसम संपला तेव्हा संघ तेराव्या स्थानी होता.

ही हकीकत पुढे धीराचा आदर्श म्हणून सांगितली जाऊ लागली. मला तो अर्थ अपुरा वाटतो. फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आले, तेच मुळी रॉन अ‍ॅटकिन्सन यांना मोसम चालू असताना दूर केल्यामुळे. अ‍ॅटकिन्सन यांनी १९८३ आणि १९८५ मध्ये एफ. ए. चषक जिंकून दिला होता. तरी संघ बावीसांत एकविसावा होताच त्यांना निरोप मिळाला. दोन्ही वेळी क्लबचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्सच होते. मग तोच गृहस्थ १९८६ मध्ये उतावळा आणि १९८९ मध्ये धीरोदात्त कसा?

उत्तर गुणतक्त्यात सापडत नाही. फर्ग्युसन यांनी होतकरू मुले हेरण्याची यंत्रणा नव्याने उभारली होती. रायन गिग्ज १९८७ मध्ये, चौदाव्या वर्षी, क्लबकडे आला तो त्यातूनच. खेळाडूंमधील मद्यपानाला आळा घालताना पॉल मॅकग्रा आणि नॉर्मन व्हाइटसाइड या लोकप्रिय खेळाडूंना १९८९ मध्ये विकण्याचे धाडसही त्यांनी केले. त्याच वर्षी आणलेले गॅरी पॅलिस्टर आणि पॉल इन्स प्रथम टीकेचे धनी झाले. १९९३ च्या विजेत्या संघाचे आधारस्तंभही तेच. हे सारे संचालकांना दिसत होते, गॅलरीतल्या प्रेक्षकाला दिसणे शक्य नव्हते. सरकारी सेवेत बदल्यांचे चक्र मी जवळून पाहिले आहे. एकाने पेरलेले दुसऱ्याने कापावे, हे तिथे नित्याचेच.

७ जानेवारी १९९० रोजी एफ. ए. चषकात नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध वीस वर्षांच्या मार्क रॉबिन्सने एकमेव गोल केला. त्या गोलाने फर्ग्युसन यांची नोकरी वाचली, अशी आख्यायिका रूढ झाली. हकालपट्टीचा विचारच नव्हता, असे एडवर्ड्स यांनी नंतर सांगितले. काही असो, त्या वर्षी चषक जिंकला आणि १९९३ मध्ये, सव्वीस वर्षांच्या खंडानंतर, लीगचे विजेतेपद आले. २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत फर्ग्युसन यांच्या खाती अशी तेरा विजेतेपदे जमा झाली.

त्यांचे उत्तराधिकारी डेव्हिड मोयेस यांना सहा वर्षांचा करार मिळाला होता. एप्रिल २०१४ मध्ये, दहा महिन्यांतच, त्यांना काढण्यात आले.

आणि मार्क रॉबिन्स? त्याला युनायटेडने १९९२ मध्ये नॉर्विच सिटीला विकले. १९९३ च्या विजेतेपदासाठी युनायटेडशी झुंजलेल्या संघांत नॉर्विचही होता.