हेदीचा बोद्री आणि ‘जात’ हा शब्द

तिसा नदीच्या काठी, कार्पेथियन पर्वताच्या कुशीत सिगेत नावाचे एक लहान शहर आहे. हंगेरियन भाषेत ‘सिगेत’ म्हणजे बेट. पहिल्या महायुद्धापूर्वी ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, नंतर रुमानियाकडे गेले, ३० ऑगस्ट १९४० च्या व्हिएन्ना येथील निवाड्याने पुन्हा हंगेरीकडे आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर परत रुमानियाचे झाले. बाजारात हंगेरियन, रुमानियन, युक्रेनियन आणि यिद्दिश अशा भाषा एकाच वेळी ऐकू येत. ह्या शहरात १५ जून १९२४ रोजी हेदी स्मुक हिचा जन्म झाला. विवाहानंतर हेदी फ्रीड ह्या नावाने ती स्वीडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व लेखिका म्हणून प्रसिद्धीस आली. वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, २०१९ साली, तिने लहान मुलांसाठी एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘बोद्रीची गोष्ट’. चित्रे स्तीना विर्सेन ह्यांची आहेत.

बोद्री हा हेदीचा कुत्रा. ‘बोदोर’ म्हणजे कुरळा, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे मोत्या किंवा वाघ्या म्हणावे, तितके ते हंगेरियन भाषेत सर्रास आढळणारे आहे. शेजारची मैत्रीण मरिका, तिचा कुत्रा बांदी, आणि दोघींचे चौघांसह खेळणे, येथून ही गोष्ट सुरू होते. मरिका ख्रिस्ती आणि हेदी ज्यू. हा भेद दोन मुलींनाही विशेष वाटत नाही. कुत्र्यांना तर तो ठाऊक असण्याचे कारणच नाही. पुढे हिटलरचे नाव घरात ऐकू येऊ लागते.

इतिहासाच्या अभ्यासकाला ह्या पुस्तकातील एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हिटलर सत्तेवर आला तेव्हा हेदी आठ वर्षांची होती; तिला सिगेतमधून नेण्यात आले तेव्हा ती एकोणीस वर्षे पूर्ण करून विसाव्याच्या उंबरठ्यावर होती. पुस्तकात हा सारा काळ एका बालपणात सामावला आहे. हा दोष म्हणता येणार नाही. छळ अकरा वर्षे पायरीपायरीने जवळ येत होता, आणि मुलाच्या दृष्टीने तो एकाच घराच्या अंगणात घडत होता. ह्या पायऱ्या मात्र कागदोपत्री तपासता येतात, आणि त्यांत कुत्र्यामांजरांनाही स्थान आहे.

जर्मनीतील ज्यू मुलाच्या वाट्याला आलेल्या आदेशांचा क्रम असा. २५ एप्रिल १९३३ च्या कायद्याने शाळांतील ज्यू मुलांच्या संख्येवर मर्यादा आली. १५ सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले. १७ ऑगस्ट १९३८ च्या आदेशानुसार, ज्यांचे नाव सरकारी यादीतील ‘ज्यू’ नाव नव्हते अशा मुलींना व स्त्रियांना ‘सारा’ आणि मुलांना व पुरुषांना ‘इस्राएल’ हे जादा नाव १ जानेवारी १९३९ पासून लावणे भाग पडले. नोव्हेंबर १९३८ च्या दंगलींनंतर आठवड्याच्या आत, १५ नोव्हेंबरला, जर्मन शाळांचे दरवाजे ज्यू मुलांना सर्वस्वी बंद झाले. ३१ जानेवारी १९३९ पासून ज्यू पशुवैद्यांचे परवाने गेले. युद्ध सुरू होताच रेडिओ जप्त झाले. १९ सप्टेंबर १९४१ पासून सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यू मुलाने छातीवर पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले, आणि पुढील महिन्यात जर्मनीतून पूर्वेकडे आगगाड्या नियमितपणे निघू लागल्या. ह्या सर्वांनंतर, १९४२ च्या पूर्वार्धात, ज्यूंनी पाळीव प्राणी बाळगू नयेत असा आदेश निघाला.

आदेशाचा काळ पाहण्यासारखा आहे. ज्यांच्या जिवाचा निर्णय आधीच झालेला होता, त्यांच्या पिंजऱ्यातील पक्ष्याकडे लक्ष देण्यास शासनाला वेळ होता. ड्रेस्डेन येथील रोमान्स भाषांचे पंडित व्हिक्टर क्लेम्परर (१८८१–१९६०) ह्यांनी आपल्या दैनंदिनीत हा आदेश मे १९४२ मध्ये नोंदविला आहे. तारा लावणाऱ्या ज्यूंनी आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांनी कुत्री, मांजरे, पक्षी ठेवू नयेत. शिवाय ते इतर कोणाला सांभाळण्यासही देऊ नयेत, असे त्यात म्हटले होते. दुसरे कलम पहिल्याहून क्रूर होय. शेजारणीकडे जनावर सोपवून समाधान मानण्याची वाटही त्याने बंद झाली. क्लेम्परर ह्यांचा मुशेल नावाचा बोका होता. तो अधिकाऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून त्यांच्या पत्नी एव्हा ह्यांनी त्याला पशुवैद्याकडे नेले आणि त्याला मरण देवविले. एव्हा स्वतः ज्यू नव्हत्या. त्यांच्याशी झालेल्या विवाहामुळेच क्लेम्परर वाचले.

क्लेम्परर ह्यांना १९३५ साली प्राध्यापकपदावरून काढण्यात आले, पुढे ग्रंथालयेही बंद झाली. हाती उरले ते आजूबाजूचे बोलणे आणि वर्तमानपत्रे. त्यांतून नाझी राजवटीच्या भाषेवरील त्यांचा ग्रंथ सिद्ध झाला आणि १९४७ साली तो प्रसिद्ध झाला. मांजरप्रेमींच्या ज्या संस्थेचे ते सभासद होते तिचे नियतकालिकही नाझी पक्षाच्या वळणाने बोलू लागले आणि ज्यू म्हणून त्यांना तेथून दूर करण्यात आले, हे त्यांनी त्यात नमूद केले आहे. घरोघरच्या प्राण्यांची ही कत्तल न्यूरेंबर्गच्या खटल्यात कोणी मोजणार नाही, असा त्यांचा अभिप्राय होता.

ज्या राज्याने २४ नोव्हेंबर १९३३ रोजी प्राणिसंरक्षणाचा सविस्तर कायदा केला आणि त्याचा मोठा डांगोरा पिटला, त्याच राज्याने हे केले. ह्यात विसंगती आहे असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु शब्दाच्या वाटेने गेल्यास तिचा उलगडा होतो. जर्मन भाषेत ‘रासे’ हा शब्द माणसांच्या वंशासाठी वापरतात तसाच कुत्र्याघोड्यांच्या अवलादीसाठीही वापरतात. ह्या शब्दाचे मूळ घोड्यांच्या पैदाशीच्या ठाणांशी जोडणारे एक मत भाषाशास्त्रज्ञांत आहे. ‘त्सुख्त’ ह्या दुसऱ्या शब्दात पैदास आणि शिस्त हे दोन्ही अर्थ नांदतात. नाझी विचारवंतांनी पैदाशीच्या ठाणावरची भाषा माणसांना लावली. एकदा ती लागू झाल्यावर उलट दिशेचा प्रवासही सोपा झाला. माणूस जर ‘अवलाद’ ठरतो, तर त्याच्या घरातील जनावरालाही त्याचा विटाळ लागतो. कायद्याने संरक्षण द्यावयाचे ते जर्मन प्राण्याला, आणि ज्यू घरातील बोका जर्मन राहिलेला नव्हता.

‘विटाळ’ हा शब्द येथे सहज आला. तो ह्या ठिकाणी मराठीलाच सुचू शकतो, आणि तो सुचल्यावर आपल्या भाषेकडे न पाहता पुढे जाणे बरे नव्हे.

मराठीत ‘रासे’चे काम ‘जात’ हा शब्द करतो. आंब्याची जात असते, ज्वारीची असते, कुत्र्याची असते, माणसाचीही असते. ‘जातिवंत’ हे विशेषण घोड्याला आणि कुत्र्याला जसे शोभते, तसेच माणसाला स्तुती म्हणून लावले जाते. त्याच्या विरुद्ध ‘गावठी’ कुत्रा. ह्या चौकटीत मराठी समाजाने ज्यूंनाही बसविले होते. कोकणातील बेने इस्राएल घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. त्यात द्वेष नव्हता. व्यवसाय आणि सुटीचा वार ह्यांवरून त्यांना एक जागा देण्यात आली. शतकानुशतके ते मराठी बोलत राहिले, गावावरून दिवेकर, केहीमकर अशी आडनावे त्यांनी घेतली, आणि १७९६ साली मुंबईत सॅम्युएल दिवेकर ह्यांनी त्यांचे पहिले सिनेगॉग उभारले. छळ त्यांच्या वाट्याला आला नाही. परंतु ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्राएल असा भेद त्यांच्यातही रुजला, हे सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. चौकटीत जागा मिळाली तशी चौकटीची सवयही लागली.

ज्यांना ह्या चौकटीत जागाच नव्हती त्यांच्याविषयी मनुस्मृतीचा दहावा अध्याय बोलतो. चांडाळ आणि श्वपच ह्यांनी गावाबाहेर राहावे, कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असावे, मृतांची वस्त्रे त्यांनी ल्यावीत, आणि दिवसा कामासाठी फिरताना राजाज्ञेने ठरविलेली चिन्हे अंगावर बाळगावीत, असे तेथे सांगितले आहे. ‘श्वपच’ म्हणजे कुत्रे शिजवून खाणारा. समूहाच्या नावातच कुत्रे घातलेले आहे. शासनाज्ञेने धारण करावयाचे चिन्ह आणि १९४१ चा पिवळा तारा ह्यांतील साम्य वेगळे दाखविण्याची आवश्यकता नाही. भेद आहे तो कुत्र्याच्या बाबतीत. मनूने बहिष्कृताला कुत्रा नेमून दिला, बर्लिनने तो काढून घेतला. पहिल्याची दृष्टी बहिष्कृताला त्याच्या श्रमासह पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर राखण्याची होती, दुसऱ्याची त्याला नाहीसा करण्याची. ह्या दोन व्यवस्था एकच होत असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. कुत्रा कोणी पाळावा हेदेखील जन्मावरून ठरवावे, ही कल्पना मात्र दोहोंत समान आहे.

औरंगाबादपासून (आजच्या छत्रपती संभाजीनगरपासून) काही कोसांवर असलेल्या देवगिरीच्या किल्ल्यावर १९३४ साली घडलेला प्रसंग ह्याच संदर्भात आठवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळच्या वाटेवर तेथे थांबले होते. दरवाजाबाहेरील काठोकाठ भरलेल्या हौदात त्यांनी प्रवासाची धूळ धुतली. त्यावरून हौद बाटवला असा ओरडा एका वृद्ध मुसलमान गृहस्थाने केला, आणि किल्ल्यात कोठेही पाण्याला स्पर्श करू नये अशी अट घालून, बरोबर शिपाई देऊन मंडळींना आत सोडण्यात आले. बाबासाहेबांनी ही आठवण स्वतः लिहून ठेवली आहे. त्याच वर्षी मुंबईत जर्मनीतून येणाऱ्या ज्यूंच्या मदतीसाठी ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. पुढे सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच, पारपत्रावर तांबडे ‘जे’ अक्षर घेऊन आलेल्या ह्या निर्वासितांपैकी अनेकांना ब्रिटिश सरकारने शत्रुराष्ट्राचे जर्मन म्हणून अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील छावणीत ठेवले. जर्मनीने ज्यांना जर्मन मानले नाही ते येथे जर्मन ठरले. चौकशीअंती बहुतेकांची सुटका झाली.

१९३३ हेच वर्ष पुण्याच्या भांडारकर संस्थेतही एका कारणाने नोंदले गेले. बर्लिनमध्ये शिकलेल्या विष्णु सीताराम सुकथनकर ह्यांनी संपादिलेले महाभारताचे आदिपर्व त्या वर्षी पूर्ण झाले. अशी चिकित्सक आवृत्ती व्हावी म्हणून ज्यांनी दीर्घकाळ आग्रह धरला, ते प्रागचे मोरिट्झ विंटरनिट्झ ज्यू कुटुंबातले. १९३७ साली ते वारले, म्हणून जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलेले त्यांना पाहावे लागले नाही. ह्या आदिपर्वाच्या आरंभीच सरमेची कथा येते. यज्ञाजवळ आलेल्या तिच्या पिल्लाला जनमेजयाचे भाऊ मारतात. पिल्लाने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नाही, तिकडे पाहिलेही नाही. अपराध नसताना का मारले, हा सरमेचा प्रश्न, आणि त्याला सभेत कोणी उत्तर देत नाही.

सिगेतला आदेशांचा क्रम उशिरा पोचला, आणि पोचला तो एकदम. हंगेरीने १९३८ पासून ज्यूविरोधी कायदे केले होते, तरी तेथील ज्यूंची घरेदारे मोठ्या प्रमाणात शाबूत होती. १९ मार्च १९४४ रोजी जर्मन सैन्य हंगेरीत शिरले. ५ एप्रिलपासून पिवळा तारा लागला. त्याच महिन्यात सिगेतच्या ज्यूंना कोंडवाड्याच्या वस्तीत हलविण्यात आले, आणि मे महिन्यात गाड्या निघाल्या. जर्मनीत नऊ वर्षांत जे घडले ते येथे नऊ आठवड्यांत घडले. १५ मे ते ९ जुलै १९४४ ह्या काळात हंगेरीतून चार लाख सदतीस हजारांहून अधिक ज्यू नेण्यात आले, बहुतेक सारे आउशविट्झकडे. त्याच शहरातून, त्याच महिन्यात नेलेल्यांत पंधरा वर्षांचा एली वीझेल होता.

ड्रेस्डेनमध्ये बोका आधी गेला आणि माणसे मागे राहिली. सिगेतमध्ये माणसे गेली आणि बोद्री मागे राहिला. पुस्तकात तो वाट पाहतो. ॲमस्टरडॅममध्ये ६ जुलै १९४२ रोजी घर सोडताना तेरा वर्षांच्या ॲना फ्रँकनेही आपली मांजर मूर्त्ये हिला असेच मागे ठेवले होते.

आउशविट्झला हेदीचे आईवडील मारले गेले. हेदी आणि धाकटी बहीण लिव्हिया ह्या दोघींना हाम्बुर्गच्या परिसरातील श्रमछावण्यांत राबविण्यात आले आणि शेवटी बेर्गेन-बेल्सेन येथे ठेवण्यात आले. १५ एप्रिल १९४५ रोजी ती छावणी मुक्त झाली तेव्हा दोघी जिवंत होत्या. त्याच वर्षी त्या स्वीडनला पोचल्या. हेदीने आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. त्याआधी आणि नंतरही ती शाळाशाळांतून बोलत राहिली, आणि मुलांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे तिने २०१७ साली एका पुस्तकात एकत्र केली. त्यानंतर दोन वर्षांनी तिने बोद्रीची गोष्ट सांगितली. २० नोव्हेंबर २०२२ रोजी स्टॉकहोम येथे, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, तिचे निधन झाले.