छपराखालचे रूळ

समिट स्टेशनच्या काही मैल अलीकडे तुम्ही लाकडी छपराखाली शिरता, आणि दिवस मागे राहतो. साल 1884, एप्रिल संपत आलेला, डोंगर कॅलिफोर्नियातला सिएरा नेवाडा. हातात थॉमस स्टीव्हन्सची सायकल आहे. वय एकोणतीस, जन्माने इंग्रज. कोलोरॅडोच्या खाणीत काम करताना त्याच्या मनाने घेतलं की अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलने ओलांडायची, एकट्याने. 22 एप्रिलला त्याने सॅन फ्रान्सिस्को सोडलं. आजचा दिवस त्याच्या जागी तुम्ही.

सायकल पोप कंपनीची, ‘कोलंबिया’. पुढचं चाक पन्नास इंची, उभं केलं की छातीला लागतं. मागचं अगदी पिटुकलं. पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेलं. चेन नाही, फ्रीव्हील नाही. पेडलचा एक फेरा म्हणजे चार मीटर, आणि चाक फिरतंय तोवर पायांना विसावा नाही. टायर भरीव रबराचे. डनलॉपचा हवेचा टायर यायला अजून चार वर्षं आहेत. सीट जवळजवळ आसाच्या वरच, त्यामुळे चाकाला धोंडा अडला की सायकल पालथी होते आणि स्वार हँडलवरून डोक्यावर आपटतो. म्हणून उतारावर जाणकार दोन्ही पाय हँडलवरून पुढे टाकतात. पडलोच, तर पायांवर पडू.

पण आज बसायचा प्रश्नच नाही. जुना गाडीरस्ता बर्फाखाली गाडला गेलाय. मोकळी वाट एकच, सेंट्रल पॅसिफिक रेल्वेची, आणि तीही छपराखालून. हिमवादळात गाड्या अडकू नयेत म्हणून कंपनीने या डोंगरात मैलोन् मैल रूळ लाकडी छपराने झाकून टाकले आहेत. आत ओल, काजळी आणि फळ्यांच्या फटींतून येणारे उजेडाचे पट्टे. बर्फाचं पाणी कॉलरमधून पाठीवर ठिबकतं. एक हात हँडलवर, दुसरा सीटवर, आणि चाक एका स्लीपरवरून दुसऱ्यावर आदळत चाललेलं. प्रत्येक दणका मनगटातून खांद्यात चढतो.

गाडी कानांआधी पायांना कळते. रूळ थरथरू लागतात. तुम्ही सायकल भिंतीला आडवी टेकवता, स्वतः पाठ लावून उभे राहता, श्वास ओढून घेता. चढाची मालगाडी, म्हणजे जादा इंजिनं लावलेली. छातीसमोरून डबे जातात, जातच राहतात. नंतर काळोख होतो, कारण धुराला बाहेर जायला जागाच नाही. लगेच पाऊल उचलू नका. आधी रूळ दिसू द्या.

इंजिनाची एखादी ठिणगी उन्हाळ्यात वाळलेल्या या लाकडावर पडली तर पूर्ण छप्पर पेटतं. म्हणून पहारेकरी फिरतात, समिटला पाण्याच्या टाक्यांची आगगाडी वाफ धरून तयार असते, आणि रेड माउंटनवर बसलेली माणसं दुर्बिणीने सगळी रांग न्याहाळत असतात.

आता समिटचा बोगदा. सुमारे पाचशे मीटर, सलग ग्रॅनाइटमधून. इथे जरा सावकाश चाला. 1866 आणि 1867 मध्ये हा मुख्यतः चिनी मजुरांनी फोडला. दोन्ही तोंडांकडून आणि मधोमध खणलेल्या विहिरीतून दोन्ही बाजूंना, असे एकाच वेळी चार ठिकाणी ते खडकाला भिडले होते. तरी एकेका तोंडाला दिवसाकाठी जेमतेम फूटभर खडक निघे. जून 1867 मध्ये त्यांनी गोऱ्यांइतकी मजुरी आणि कमी तास मागून संप केला. कंपनीने अन्नपाणी तोडलं आणि आठवड्याभरात संप मोडला. पगारपत्रकात बहुतेकदा टोळीच्या मुकादमाचं नाव असे, बाकीच्यांची नुसती संख्या. काळोखात भिंतीवर तळवा ठेवलात तर सुरुंगांसाठी पाडलेल्या भोकांचे अर्धगोल पन्हळ हाताला लागतात. मला या प्रवासात स्टीव्हन्सच्या जिद्दीइतकेच हे पन्हळ मोलाचे वाटतात. एकट्याने अमेरिका ओलांडता येते, कारण या माणसांनी आधी डोंगर ओलांडून ठेवला.

पलीकडे आणखी दोन छोटे बोगदे, आणि त्यांच्या मधली घळ त्याच मजुरांनी रचलेल्या दगडी भिंतीने भरून काढलेली. चुन्याचा थेंबही न वापरता, दगडावर दगड बसवून उभी केलेली ही भिंत गाड्यांचं ओझं पेलते. छपराच्या एका फटीतून खाली डॉनर तळं दिसतं. 1846-47 च्या हिवाळ्यात बैलगाड्यांनी आलेला तांडा तिथे बर्फात अडकला. ऐंशीहून अधिक माणसांतली जवळजवळ निम्मी गेली.

उतार लागतो. रुळांवर चिनी गँग पहार आणि पान्हे घेऊन काम करतेय. त्यांच्या देशातून नवे मजूर येऊ नयेत असा कायदा दोन वर्षांपूर्वीच, 1882 मध्ये झालाय. हा मार्ग मात्र अजून त्यांच्याच हातांनी धडधाकट राहतो. ते बाजूला होऊन वाट देतात, चाकाकडे टक लावून बघतात. तुम्ही टोपी काढा.

ट्रकी गावाच्या अलीकडे बर्फ विरळ होतं आणि रुळांशेजारी घट्ट मातीचा पट्टा दिसतो. डावा पाय मागच्या पायरीवर, उजव्या पायाने दोन-तीन उड्या, अंग वर, सीट सापडली. पाय पेडल शोधतात. चार मीटर, आणखी चार, आणखी चार. बोस्टन 4 ऑगस्टला येईल, आणि तोवरचं जवळजवळ एक तृतीयांश अंतर असंच सायकल ढकलत जायचं आहे. समोर दगड आहे, डावीकडून काढा.